माघातल्या तारखा

रविवार, २६ जानेवारी. लुडविग्सहाफेन

नाटकांच्या मेसेत, म्हणजे व्यापारी मेळ्यात, नक्की काय विकतात? आज जेवताना विनयदादांनी विचारलं आणि मला धड सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

विनयदादा इथल्या केमिकल कारखान्यात इंजिनीअर आहेत. त्यांना मेसे म्हटलं की यंत्रांचं प्रदर्शन दिसतं. "आमच्याकडे पंप ठेवलेला असतो," ते म्हणाले. "हात लावून बघता येतं, चालू करून बघता येतं. तुम्ही काय करणार, नट काचेच्या कपाटात उभा करणार?"

"अहो, जेवू द्या तिला," मालिनीताई म्हणाल्या. "आणि कपाट मिळालंच तर तुम्हालाच ठेवू त्यात. घरात जरा शांतता होईल."

मी हसले. फ्रँकफर्टच्या गणपतीत झालेली ओळख, तेवढ्यावर यांनी मला मेसेपुरतं घरी ठेवून घेतलं आहे. हॉल इथून ट्रामने जवळ आहे.

मी दादांना सांगितलं ते असं: सगळ्या देशातल्या थिएटरांचे, महोत्सवांचे निवड करणारे लोक येतात. नाटकमंडळ्या आणि एजंट स्टॉल लावतात. प्रत्येकाला स्टेजवर थोडी मिनिटं मिळतात. त्यातून प्रयोग ठरतात. मी जिथे शिकताशिकता काम करते त्या एजन्सीच्या फ्राऊ केलर, म्हणजे केलरबाई, यांनी त्यांच्या स्टॉलचा एक कोपरा मला दिला आहे. त्या कोपऱ्यात आमचं दशावतार मंडळ. बाबा ज्यात काम करतात ते.

घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही. आई काजूच्या कारखान्यात जाते. बाबा तरुणपणापासून स्त्रीपार्टी करतात, आता केस काळे करून करतात. फ्रँकफर्टला मास्टर्स करते आहे, त्याच्या प्रबंधात मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं आहे की लोककलेला दया नको, बाजारपेठ हवी. उद्या ते करून दाखवायचं आहे.

संध्याकाळी फ्राऊ केलरचा फोन होता. म्हणाल्या, "अपेक्षा कमी ठेव. पहिल्या वर्षी फक्त चेहरा दाखवायचा." इथल्या लोकांना कुठल्याही कामाआधी वाईट बोलायची सवयच आहे. मी मनावर घेतलं नाही.

सोमवार, २७ जानेवारी

स्टॉल लागला. आमच्या एका बाजूला सावल्यांचे खेळ करणारं जोडपं, दुसऱ्या बाजूला बेल्जियमचे कसरतवाले. त्यांच्याकडे मोठे चकचकीत फलक. माझ्याकडे बाबांचा रंग लावतानाचा एक फोटो आणि आईने पाठवलेलं मालवणी खाजं. जत्रेतलं नाटक म्हटल्यावर खाजं हवंच.

खाजं संपत आलं. एक गृहस्थ तीनदा येऊन घेऊन गेले. तीनदा आले म्हणजे मनात काहीतरी असणारच.

उद्या आमची पंधरा मिनिटं आहेत. व्हिडिओ दाखवायचा आणि मी बोलायचं. आमचं नाटक चालतं रात्रभर, संहिता नसते, आख्यान संध्याकाळी ठरतं आणि बोलणं स्टेजवरच सुचतं. त्यातली पंधरा मिनिटं निवडणार कशी? बाबांना फोन केला.

"पंधरा मिनटात माझी साडी नेसान होणा नाय," बाबा म्हणाले.

मग एकदम सुचलं, तेच दाखवायचं! रंग लावणं, भुवई काढणं, साडी नेसणं, आणि शेवटी पेटी-मृदंग सुरू होऊन पडद्यातून पहिलं पाऊल. प्रबंधासाठी केलेल्या चित्रीकरणात ते सगळं आहे. बस्स.

बाबांना ते आवडलं असावं. खूप चौकशी करत होते. "थंडी लय आसता काय गो थंय?" "स्टेज लाकडाचा काय सिमेंटचा?" "मदी बसाक मेळता?" इतक्या बारकाईने विचारतात म्हणजे मनाने निघालेसुद्धा. किती वर्षांनी त्यांना असं उत्साहात बघते आहे.

मंगळवार, २८ जानेवारी

झालं. एकदाचं झालं!

जर्मन वाक्यं पाठ होती, तरी सुरुवातीला क्रियापद कुठे टाकायचं तेच सुचेना. मग पडद्यावर बाबा आले, आरशासमोर, अर्ध्या चेहऱ्याला रंग लावलेले, आणि हॉलमधले लोक हातातले फोन खाली ठेवून बघायला लागले. शेवटच्या पावलाला लोकांनी पाय आपटले. इथे टाळ्यांच्या वर तेच असतं.

नंतर स्टॉलवर माणसं थांबून होती. व्होग्ट नावाचे गृहस्थ एका नगरपालिका थिएटरसाठी निवड करतात. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "हे आमच्या लोकांनी पाहायलाच हवं. आमचा हिवाळी महोत्सव जानेवारी-फेब्रुवारीत असतो." वोल्फ्सबुर्गहून आलेल्या एका बाईंचे डोळे भरून आले होते. त्यांच्या गावात गाड्यांशिवाय काही घडत नाही, असं म्हणाल्या, आणि आमचं नाटक तिथे होताना त्यांना डोळ्यांसमोर दिसतंय म्हणे. आणखी दोघांनी कार्डं दिली. दोघंही म्हणाले, आपण संपर्कात राहू.

चार ठिकाणं. पहिल्याच मेसेत चार ठिकाणं!

फ्राऊ केलर कॉफीचा कप घेऊन माझ्याकडे बघत होत्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाल्या, "छान बोललीस. आता घरी जाऊन झोप."

हॉलमधूनच बाबांना फोन लावला. "चार ठिकाणी ठरलं. पुढच्या वर्षी, हेच दिवस." बाबा म्हणाले, "बरा झाला गो. प्रतापाक सांगतंय." प्रतापकाका म्हणजे मंडळाचे मालक. त्यांचा लगेच उलटा फोन. "चार म्हणजे चारच ना? की जाताजाता अजून एक-दोन घेवचे?"

मालिनीताईंनी आज शिरा केला.

शुक्रवार, ३१ जानेवारी. फ्रँकफर्ट

परत आले. चौघांनाही आभाराची मेल टाकली, सोबत मंडळाची माहिती आणि फोटो. दोघांकडून आपोआप येणारं उत्तर आलं, सुट्टीवर आहोत म्हणून. वोल्फ्सबुर्गच्या बाईंनी लिहिलं, "सुंदर आठवण. मनापासून शुभेच्छा." तारीख लिहायची विसरल्या.

आईचा मेसेज: "तुझो फोटो फ्लेक्सार लागलो." खाली चित्र. एसटी स्टँडच्या बाजूला मोठा फ्लेक्स, वर प्रतापकाका हात जोडून, मध्ये बाबा पैठणीत, कोपऱ्यात मी, कॉलेजच्या आयकार्डवरचा चेहरा. "जर्मनी दौऱ्यानिमित्त हार्दिक अभिनंदन."

छान वाटायला हवं. वाटत नाहीये.

सोमवार, ३ फेब्रुवारी

ऑफिसात फ्राऊ केलरना विचारलं की करारपत्रं कधी पाठवायची. त्यांनी चष्मा काढला.

"कसले करार?"

मी चौघांची नावं सांगितली.

"आल्झो, असं बघ," त्या म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याकडे ओढली. त्यानंतर जे सांगितलं ते मी जमेल तसं उतरवते. व्होग्टसारख्या माणसांचा कार्यक्रम दोन-दोन वर्षं आधी भरलेला असतो. त्यांना आवडलं तरी त्यांच्या मागे समिती असते. मेसेत कोणी काही विकत घेत नाही. मेसेत लोक एकमेकांचे चेहरे ओळखायला लागतात. दुसऱ्या वर्षी नमस्कार होतो, तिसऱ्या वर्षी कॉफी. त्यांच्या एजन्सीतल्या बाहुलीनाट्यवाल्यांना पहिला प्रयोग असाच मिळाला.

"पण त्यांनी माझा हात धरून सांगितलं," मी म्हणाले.

"हो. आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. खोटं कोणीच बोललं नाही, क्षितिजा."

हेच मला समजत नाहीये. आमच्याकडे जत्रेत पहाटे नाटकाच्या शेवटी दहीकाला झाला की गावचे मानकरी मालकांच्या हातात नारळ देतात, म्हणतात, पुढच्या वर्षी या. नारळ घेतला की झालं. कागद नाही, सही नाही. कोणी आजारी पडो, पूल वाहून जावो, मंडळ त्या रात्री त्या देवळासमोर उभं राहतंच. चार माणसांसमोर बोललेलं हे ठरलेलंच असतं, असं समजून मी वाढले. प्रबंधात मी या नारळावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे. आणि इथे येऊन हातात काही नसताना नारळ घेतल्यासारखी नाचले.

घरी सांगायला हवं. आधी व्होग्टना विचारते. कदाचित त्यांचं वेगळं असेल.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहायलाही भीती वाटते.

काल रथसप्तमी, भाटवाडीची जत्रा. आज पहाटे मानकऱ्यांनी नारळ पुढे केला, तो प्रतापकाकांनी घेतला नाही. "सांगान टाकलंय मी," त्यांनी फोनवर मलाच मोठ्या खुशीत सांगितलं. "पुढच्या माघात आमी गावाक नसतलंव. जर्मनीक असतलंव."

भाटवाडीचं नाटक आमच्या मंडळाकडे प्रतापकाकांच्या आजोबांपासून आहे. आता दुसरं मंडळ येईल आणि एकदा आलं की त्यांचंच होईल. असंच असतं.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडातून निघालं ते, "काका, घाई कशाला केलीत?"

"अगो, विसा काढूक लागतले, तालमी कराक लागतल्यो. आणि तूच सांगितलंस मां? शिकलेल्या माणसाचो शब्द आसा."

त्यांनी फोन बाबांकडे दिला. बाबा गुडघ्याला कसलं तेल लावत होते, आईचा आवाज येत होता, "हळू चोळा, जपान." मी विचारलं, दुखतंय का? "नाय गो, जाग्रण. जर्मनीक सगळा बरा होतला." आणि हसले.

पुढची जत्रा सातवळ्याची, पौर्णिमेला. मोठं गाव. तिथून पुढे माघातली सगळी नाटकं ओळीने. काका तिथेही हेच करणार आहेत.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

व्होग्टना दुसरी मेल केली. फ्राऊ केलरना विचारलं नाही, कारण त्यांनी सांगितलं असतं की सहा आठवडे कोणाला त्रास द्यायचा नसतो. मी स्पष्ट विचारलं, येणार का आम्ही, हो की नाही. पाठवल्यावर वाचली तर उद्धट वाटली.

दर थोड्या वेळाने फोन बघते. वर्गात प्राध्यापक "सांस्कृतिक बाजारपेठेत विश्वासाची भूमिका" शिकवत होते. मी एक शब्द ऐकला नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

मालिनीताईंचा फोन. "आवाज का असा? जेवतेस ना?" म्हटल्यावर मी सगळंच सांगून टाकलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं.

"माझ्या पहिल्या मुलाखतीनंतर ते म्हणाले होते, तुमच्याकडून पुन्हा ऐकायला आम्हाला आनंद वाटेल," मालिनीताई म्हणाल्या. "मी पुण्याला पेढे वाटायला लावले. सासूबाई अजून विचारतात, त्या नोकरीचं काय झालं गं."

मागून विनयदादा ओरडले, "मी सांगत होतो, पंप ठेवा!"

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा. क्षितिजा, हे बघ, वडिलांना सांग. आजच."

"फ्लेक्स लागलाय, ताई."

"हो, मग लागू दे की. फ्लेक्स उतरवता येतो."

आज नाही सांगितलं. बाबांची सातवळ्याची जत्रा तोंडावर आली आहे, मध्ये मन:स्ताप नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नाही. शिकलेली म्हणून सगळं गाव माझ्याकडे बघतं. आईने कारखान्यात सगळ्या बायकांना सांगितलंय.

बुधवार, १२ फेब्रुवारी. पौर्णिमा

सकाळी व्होग्टचं उत्तर आलं.

नकार नाही! ते लिहितात की आमच्यासाठी पुढच्या महोत्सवात एक संध्याकाळ मोकळी होण्याची शक्यता आहे. एक प्रयोग, तासाभराचा, जास्तीत जास्त पाच कलाकार. निर्णय समिती शरद ऋतूत घेईल. तोपर्यंत आम्ही जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचे दिवस मोकळे ठेवावेत, म्हणजे त्यांना सोयीची तारीख निवडता येईल. त्यांच्याकडून हे बंधनकारक नाही.

मी पळतच फ्राऊ केलरकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मनापासून हसल्या. "पहिल्या मेसेनंतर व्होग्टकडून एवढं? माझ्या लोकांना तीन वर्षं लागली. लगेच हो लिही. दिवस मोकळे ठेवायला काय जातं?"

"माघ जातो," मी म्हणाले. जर्मनमध्ये माघाला काही शब्द नाही, म्हणून मग सगळं समजावलं. नारळ, भाटवाडी, आज रात्री सातवळे.

त्यांनी मेल पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाल्या, "हे मला माहीत असतं तर तुला कोपरा देण्याआधी विचारलं असतं. पण ऐक. व्होग्ट एकदा 'नाही' ऐकून घेतात. दुसऱ्यांदा विचारतील याची खात्री मी देणार नाही."

मी बाहेर माइन नदीच्या काठावर जाऊन बसले. खूप गार होतं. एक प्रयोग, कदाचित. त्यासाठी अख्खा महिना, नक्की. पण तो एक प्रयोग झाला तर पुढचे दहा होतील, असं माझ्याच प्रबंधात आहे. आणि नाही झाला तर बाबा पुढच्या माघात कुठल्या देवळासमोर उभे राहणार? पाच कलाकार म्हणतात. मंडळात पंधरा माणसं आहेत. राहिलेल्या दहांनी महिनाभर काय करायचं?

दिवस मावळायच्या आधी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्र झालेली, देवळाच्या मागची पडवी, ट्यूबलाइट. बाबांनी फोन आरशाला टेकवून ठेवला. अर्ध्या चेहऱ्याला रंग होता.

"बाबा, काही ठरलेलं नाही. त्या दिवशी मी चार सांगितली, ती एकही ठरलेली नव्हती. लोक फक्त चांगलं बोलले होते. एकाने आज लिहिलंय, तेही कदाचित."

बाबांचा हात थांबला नाही. दुसरी भुवई पुरती काढली, लांबून बघितली. मग विचारलं, "मगे ती मॅडम तुका कामावरसून काढतली काय?"

"नाय हो."

"मगे रडतंस कित्या?" त्यांनी कपाळ पुसलं. "माका खरा सांगू? माझो गुडघो आता विमानात एवढो येळ वाकणा नाय. डॉक्टरान सांगल्यान. तू एवढी खूश होतंस, म्हणान बोललंय नाय. कधी जावचा झाला तर माझो शिष्य येतलो."

म्हणून एवढे दिवस ते मला थंडीबद्दल आणि स्टेजबद्दल विचारत होते.

"काकांकडे द्या," म्हटलं. बाबा म्हणाले, "मी सांगतंय त्येका, तू ठेव." मी ठेवला नाही. ज्यांना चुकीचं सांगितलं, त्यांना मीच सांगायला हवं होतं.

प्रतापकाका आले. संकासुर राक्षसाचा काळा वेश चढवलेला, बुरखा डोक्यावर सारलेला. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा बघवेना.

"तुझ्या शब्दार मी भाटवाडीचो नारळ परत केलंय, कळला तुका? दुसऱ्या मंडळान घेतल्यान तो. शिकलेली म्हणान विश्वास ठेवलंय."

"हो काका. चूक माझी आहे. तुम्ही भाटवाडीला माझं नाव सांगा, मी मानकऱ्यांशी बोलते."

"तू काय बोलतलंस! आणि तो फ्लेक्स? उद्या सकाळी अर्धो तालुको इचारतलो." बाहेर कोणीतरी मृदंग जुळवत होतं. "एक तरी नक्की आसा काय? एकच सांग. मी आज थांबतंय."

इथे माझ्याकडे व्होग्टची मेल होती. एक वाक्य बोलले असते तर काकांनी वाट पाहिली असती, आनंदाने.

"नाही," मी म्हणाले. "नक्की काहीच नाही. आज पहाटे सातवळ्याचा नारळ घ्या. पुढचेही सगळे घ्या."

त्यांनी बुरखा तोंडावर ओढला आणि गेले. बाबांनी हात पुसून फोन उचलला, म्हणाले, "पहाटे घेतलो तो नारळ. तू जेव."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी आईचा मेसेज. काकांनी पहाटे नारळ घेतला. माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. भाटवाडीचं तसंच आहे. आई आज कारखान्यात गेली की नाही, ते मी विचारलं नाही.

ऑफिसात जाऊन कोट न काढताच लिहायला बसले. फ्राऊ केलरनी एकदा मागे उभं राहून वाचलं, एका शब्दाचं लिंग दुरुस्त केलं आणि आपल्या टेबलाकडे गेल्या. व्होग्टसाहेबांना लिहिलं: आपल्या पत्राने फार आनंद झाला. जानेवारी आणि फेब्रुवारीत आमचं मंडळ मोकळं नसतं, या वर्षी नाही आणि कुठल्याच वर्षी नाही, त्या दिवसांत ते आपल्या गावांना बांधलेलं असतं. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जत्रा नसतात, तेव्हा ते कुठेही येऊ शकतं. माझे वडील येणार नाहीत, त्यांच्या जागी त्यांचा शिष्य येईल.

खाली सही केली आणि पाठवून दिलं.